दुःखात नापास

माझा नवरा गेला त्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं, तेव्हा संभाजीनगरच्या एका मोठ्या दवाखान्यात एका डॉक्टरबाईंनी मला समोर बसवून सांगितलं की, मॅडम, तुमचं दुःख नीट मार्गावर आहे, तुम्हाला उपचारांची गरज नाही. शेजारच्या खुर्चीवर माझ्या नणंदबाई बसल्या होत्या. त्यांना मात्र आजार होता आणि त्यांना गोळ्या मिळणार होत्या. त्या क्षणी मला जे वाटलं त्याला हेवा याशिवाय दुसरा शब्द नाही.

आम्ही भोकरदनला राहतो. 'आम्ही' म्हणायची सवय अजून सुटलेली नाही. मुलगी पुण्याला शिकते आणि घरात आता मी एकटीच असते. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. नवऱ्याचं मोंढ्याजवळ, धान्यबाजारापाशी, बी-बियाण्याचं आणि खताचं दुकान होतं. तो उन्हाळ्यात गेला, बियाण्याच्या गाड्या यायच्या आधी. सकाळी शटर उघडून खुर्चीवर बसला, समोरच्या टपरीवर चहा सांगितला, आणि चहा येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी तेव्हा नववीच्या वार्षिक परीक्षेत वर्गावर होते. मला बोलवायला शिपाई आला तर मी त्याला म्हटलं, पेपर संपू दे, मग येते. काय झालं ते न सांगता तो व्हरांड्यात उभा राहिला.

आक्का, माझ्या नणंदबाई, दुपारनंतर पोचल्या. घनसावंगीच्या पुढे त्यांचं गाव. तिथून जीपनं, मग जालन्याहून बसनं. दारात पाय ठेवला आणि त्यांनी जो हंबरडा फोडला, तो ऐकून गल्लीतले पुरुषसुद्धा तोंड फिरवून उभे राहिले. मी तोवर रडत होते. त्यांचा आवाज ऐकला आणि माझं रडणं थांबलं. घरात एका वेळी एकच बाई तसं रडू शकते, असं काहीतरी झालं. ते थांबलं ते मग नीट सुरू झालंच नाही.

आक्का ह्यांच्यापेक्षा सात वर्षांनी मोठ्या. माहेर टेंभुर्णीचं. आई गेली तेव्हा माझा नवरा जेमतेम चालायला लागलेला. आक्कांनीच त्याला कडेवर घेऊन वाढवला. त्यांचं लग्न झालं तसा तोही बहिणीच्या मागोमाग तिच्या सासरी गेला आणि दहावी होईपर्यंत घनसावंगीला शिकला. हे सगळं मला लग्नाच्या वेळी सांगितलेलं होतं आणि मला ते गोडच वाटलं होतं. मग लग्नानंतर कळलं की, तो रोज सकाळी दुकान उघडलं की गिऱ्हाइकं यायच्या आत आक्कांना फोन करतो. रोज. काय बोलायचे कुणास ठाऊक. मी कधी विचारलं तर म्हणायचा, "काही न्हाई, असंच." घरात माझ्याशी बोलताना त्याचे शब्द मोजके असत. दिवसभराचं बोलणं सकाळीच खर्च झालेलं असायचं.

भेटायला येणाऱ्या बायका आधी माझ्याजवळ बसत, डोळ्याला पदर लावत आणि थोड्या वेळानं आक्कांकडे सरकत. तिथं त्यांना रडता येत होतं. जाताना मला म्हणत, "मॅडम, तुम्ही खंबीर आहात म्हणून बरंय. आक्कांचं बघवत न्हाई." मुलीचा फोन आला की पहिला प्रश्न असायचा, "आत्या जेवली का?" ती जेवलेली नसायचीच. मी जेवलेली असायचे. मला भूक लागायची, याची मला लाज वाटायची आणि तरी लागायची.

पहिल्याच आठवड्यात मी घरातले सगळे कपडे धुऊन टाकले. मी तशीच बाई आहे. काही सुचेनासं झालं की मी धुणं काढते. त्याचे शर्ट, पँटी, टॉवेल, सगळं दोरीवर वाळत घातल्यावर माझ्या ध्यानात आलं की, आता त्याच्या अंगाचा वास कुठंच राहिला नाही. आणि मग संध्याकाळी पाहिलं तर आक्कांच्या उशीखाली त्याचा चौकटीचा शर्ट. धुण्याच्या बादलीतून त्यांनी आधीच काढून घेतलेला. त्या उशीवर डोकं ठेवून झोपल्या होत्या. मी दारात उभी राहून बघत होते. मागावा असं मनात आलं. पण मागणार कशी? माझ्याच नवऱ्याचा मळका शर्ट मला त्याच्या बहिणीकडे मागावा लागत होता.

तेराव्यानंतर आक्का गावी गेल्या आणि महिन्याभरात परत आल्या. "तिकडं करमत न्हाई," म्हणाल्या. पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. त्यांचे यजमान, आमचे दाजी, भला माणूस. फोनवर मला म्हणाले, "राहू द्या तुमच्याकडंच. इथं नुसती बांधावर बसून राहती. सुनांना पण कळंना काय करावं." आणि मी ठेवून घेतलं. नाही कसं म्हणणार?

दुकान आम्ही बंद करून टाकलं होतं. आक्का रोज सकाळी उठून त्या बंद शटरच्या पायरीवर जाऊन बसू लागल्या. फोनची वेळ होती ती. हातात मोबाइल धरून बसायच्या. मोंढ्यातली माणसं त्यांना चहा द्यायची आणि कुणीतरी गाडीवर बसवून घरी आणून सोडायचं. दुसरा पावसाळा सरला तरी हे चालूच होतं. मला शाळेत जायला तो रस्ता जवळचा, पण मी मागच्या गल्लीनं जायला लागले. तिथं पायरीवर आक्का बसलेल्या असताना मी डबा घेऊन शाळेत चाललेय, हे लोकांनी पाहू नये असं मला वाटायचं.

हळूहळू त्यांचं वजन एवढं उतरलं की, मी त्यांना आमच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्त, लघवी, सगळं तपासलं. शरीरात काही निघालं नाही. ते म्हणाले, संभाजीनगरला दाखवा, तिथं अशा दुःखावर एका गोळीची चाचणी चालू आहे. आक्का बाहेर आल्यावर म्हणाल्या, "मला येडी ठरवून राह्यले का तुम्ही?" मी म्हटलं, "नाही आक्का, नुसतं दाखवून येऊ."

बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या आणि संभाजीनगर येईपर्यंत मोबाइल हातात धरून राहिल्या.

डॉक्टरबाई माझ्याहून लहान होत्या. बोलायला सावकाश. त्यांनी समजावून सांगितलं ते असं. माणूस गेल्यावर दुःख होतं, ते व्हायलाच हवं. बहुतेकांचं ते हळूहळू बदलतं; जात नाही, पण त्याच्यासोबत जगता येतं. काहींचं मात्र आहे तिथंच अडकून राहतं. गेलेल्या माणसाची ओढ पहिल्या दिवसाइतकीच राहते. काही अभ्यासकांना असं वाटतं की, ही ओढ डोक्यात जवळपास व्यसनासारखी काम करत असावी. म्हणून दारूची तलफ कमी करायला जी गोळी देतात तीच इथं देऊन बघायची. अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कुणाला कुठली मिळाली, हे पेशंटला माहीत नाही आणि डॉक्टरांनाही नाही.

"म्हंजी मी दारुडी झाले का?" आक्का म्हणाल्या.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाही मावशी. तुम्हाला भावाची फार ओढ लागलीय एवढंच."

तेव्हा मी म्हटलं, "माझीही तपासणी करा." का म्हटलं ते मला तेव्हाच ठाऊक होतं. आक्कांना काही मिळणार असेल तर मला का नाही? शेवटी मेला तो माझा नवरा होता.

त्यांनी दोघींना एकेक करून प्रश्न विचारले. आधी मला. ते गेले हे खरं वाटतं का? वाटतं, मी म्हटलं. त्यांच्याशिवाय जगण्यात काही अर्थ उरला नाही असं वाटतं का? मी विचार केला. मुलीचं शिक्षण आहे, शाळा आहे, दहावीचा निकाल आहे. "कधीकधी," मी म्हटलं. आपल्यातलाच एखादा भाग मेला असं वाटतं? खोटं बोलावं असं मनात आलं होतं. पण मी आयुष्यभर पोरांना सांगत आले की, प्रयोगात जे दिसलं तेच लिहायचं. मी खरं ते सांगितलं.

मग आक्कांची पाळी. त्यांच्यासोबत घरचं माणूस बसायला हवं होतं म्हणून मी तिथंच होते. डॉक्टरबाईंनी विचारलं, "मावशी, भाऊ गेल्याबद्दल स्वतःला दोष देता का?"

आक्का हातातल्या रुमालाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यानं मला सांगितल्तं. आठ दिस आधी. आक्का, छातीत जळजळ करून राह्यलं म्हणे. मी म्हणलं, जिऱ्याचं पाणी पी, न्हाई थांबलं तर डॉक्टरला दाखव. दुसऱ्या दिशी इचारलं, तर म्हणला, आता बरंय. मी म्हणलं, बरं."

मला ते माहीत नव्हतं. त्या आठ दिवसांत तो माझ्यासमोर बसून जेवला होता. मी विचारलं होतं की, भाजीत मीठ बराबर आहे का, आणि तो हो म्हणाला होता. छातीत जळतंय हे त्यानं मला सांगितलं नाही. सव्वाशे किलोमीटरवर बसलेल्या बहिणीला सांगितलं.

आक्का रडायला लागल्या. डॉक्टरबाईंनी त्यांना पाणी दिलं. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही, आणि ते बरंच झालं. माझा चेहरा तेव्हा दुःखी नव्हता.

निकाल तासाभरानं सांगितला. आक्का चाचणीत बसत होत्या. मी बसत नव्हते.

"डॉक्टर, मी बायको आहे त्यांची," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"हो, मला कळतंय," त्या म्हणाल्या. "हे प्रेमाचं मोजमाप नाही, मॅडम. कोण किती अडकलंय, एवढंच यात बघतात."

"मग मी सुटले म्हणायचं का?"

"तुम्ही चालताय. पाय दुखत असतील, पण चालताय."

मला हे ऐकून हलकं वाटायला हवं होतं. माझ्या वर्गातल्या पोरांना नापास झाल्यावर कसं वाटत असेल, ते मला त्या दिवशी कळलं. त्यातही ज्या विषयात आपण पहिले येणार असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं, त्यात.

स्टँडवर बसची वाट बघताना आक्का म्हणाल्या, "मी न्हाई घेणार गोळी. भाऊ इसरायची गोळी कुठं असती का? आन् असली तर मी कशाला घेऊ?"

"विसरायची नाही, आक्का. ओढ कमी व्हायची."

"ओढ कमी झाली मंग राह्यलं काय?"

मी त्यांना समजावत राहिले. तुमची तब्येत बघा, म्हटलं. दाजींचं वय झालंय, त्यांचा विचार करा. ह्यांना तुमचे असे हाल बघवले असते का? मी बोलत होते ते सगळं खरं होतं आणि त्यांच्या भल्याचं होतं. त्याखाली आणखी एक होतं. तो त्यांच्याकडून थोडा सुटला तर माझ्या वाट्याला थोडा येईल, असं मला वाटत होतं. शेवटी बस लागली तेव्हा त्या म्हणाल्या, "तू म्हणती तर घेते. तू शिकलेली आहे." पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो आणि त्यांनी सही केली.

गोळी रोज सकाळी चहानंतर असे. आक्का ती तळहातावर घेत, भिंतीवरच्या फोटोकडे बघत आणि काहीतरी पुटपुटून गिळत. बहुतेक त्याची परवानगी मागत असाव्यात. सुरुवातीला त्यांना मळमळायचं, डोकं दुखायचं. दवाखान्यातून विचारपूस करायला फोन यायचा, तो मीच घ्यायचे. जेवल्या का, झोपल्या का, बाहेर गेल्या का. मी सगळं नीट सांगायचे. तुम्ही कशा आहात, असं त्या फोनवर मला कधी कुणी विचारलं नाही. तो प्रश्न त्यांच्या यादीत नव्हता.

संक्रांतीच्या आसपास एक दिवस मी शाळेतून आले तर आक्कांनी ज्वारीच्या भाकरी थापल्या होत्या आणि माझी वाट न बघता स्वतः जेवून घेतलं होतं. ताटात भाकरीचा चुरासुद्धा ठेवला नव्हता. मला आनंद झाला. तो आनंद खोटा नव्हता. मग काही दिवसांनी त्या सकाळी दुकानाच्या पायरीवर गेल्या नाहीत. मग एकदा मी स्वयंपाकघरात असताना बाहेरून हसण्याचा आवाज आला. त्या माझ्या मुलीशी फोनवर बोलत होत्या आणि हसत होत्या. मुलगीही पलीकडे हसत असणार. बाप गेल्यापासून ती माझ्याशी बोलताना तशी हसली नव्हती. माझ्याशी ती जपून बोलायची, बरी आहेस ना, झोप लागते ना, असं.

पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा आक्का वजनकाट्यावर उभ्या होत्या आणि मी डॉक्टरबाईंना हळूच म्हटलं, "ती गोळी मलाही देता येईल का? चाचणीत नको. असंच."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला काय होतंय?"

"काहीच होत नाही. तेच होतंय."

"गोळी नाही देता येणार," त्या म्हणाल्या. "पण बोलायला या. एकट्या या."

"शाळा असते," मी म्हटलं.

घरी येताना आक्का बसमध्ये पेरू खात होत्या. मला अर्धा दिला. मीठ लावलेला, गोड पेरू. मी खाल्ला आणि मला वाटत राहिलं की, ही बाई जास्त रडली तेव्हाही लोक हिच्याजवळ बसले, आता बरं होणंही हिच्याच वाट्याला. मी पहिल्या दिवशी जिथं होते तिथंच. ना आजारी, ना बरी.

दुसरं वर्षश्राद्ध एप्रिलमध्ये आलं. शेजारच्या चार बायका मदतीला आल्या होत्या, ब्राह्मण जेवून गेले होते आणि आम्ही बायका शेवटी पंगतीला बसलो. आक्का वाढत होत्या. वाढता वाढता कुणीतरी त्याच्या लहानपणाचं काही विचारलं आणि त्या सांगायला लागल्या. टेंभुर्णीला असताना त्याला कंडक्टर व्हायचं होतं. लिंबाच्या पानांची तिकिटं करायचा. आक्का डोक्यावर हंडा घेऊन आडावरून यायच्या आणि हा दारात आडवा उभा. तिकीट काढल्याबिगर आत सोडणार नाही. "मी म्हणायचे, अरं सोड, मान मोडून राह्यली माझी. तर म्हणायचा, सुट्टे द्या बाई, सुट्टे!" आक्कांनी बोट नाचवून त्याची नक्कल केली. बायका हसल्या. आक्काही हसल्या, तोंडाला पदर लावून, खूप.

मी ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. एकाच घरात एवढी वर्षं राहून त्यानं ती मला सांगितली नव्हती. कंडक्टर व्हायचं होतं हेसुद्धा नाही.

मी खिरीची वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "आक्का, तुमचा भाऊ गेलाय. आज त्याचं श्राद्ध आहे. लक्षात आहे ना?"

बायकांनी भराभर जेवणं उरकली आणि निघून गेल्या. आक्का पातेल्याजवळ उभ्याच होत्या. दार लागल्यावर म्हणाल्या, "का बोलली तसं?"

"मग काय बोलू? दोन वर्षं तुम्ही घर डोक्यावर घेतलंत. सगळं गाव तुमच्यासाठी हळहळलं. मला रडायलाही जागा ठेवली नाहीत. आणि आता गोळी घेऊन हसताय."

मला वाटलं होतं त्या रडतील. त्या रडल्या नाहीत. पातेल्यावर झाकण ठेवून माझ्यासमोर खाली बसल्या.

"तुला माझा राग हाय. मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "पण माझं बी ऐक. त्याच्या मरणाच्या दाखल्यावर तुझं नाव. दुकानावर तुझं नाव. समदे तुला इचारून करतात. तू रडली न्हाई तरी तू त्याची बायकोच राह्यली. कुणी काढून घेतं का ते? माझं काय? लगीन झालेली बहीण. तेरावा झाला, चला आपापल्या घरी. सुना म्हणल्या, आता बास करा आत्याबाई. कुणाकुणाचे भाऊ जात न्हाईत? मी रडणं थांबवलं असतं तर त्याचं माझं काय राह्यलं असतं? तुला बायको राह्यला काही करायला लागत नव्हतं. मला बहीण राह्यला रडावंच लागत होतं."

मी खिरीची वाटी बाजूला सरकवली.

"मला तुझा लई हेवा वाटायचा," आक्का म्हणाल्या. "आजबी वाटतो."

"माझा?"

"मंग कुणाचा?"

बाहेर कुणीतरी ट्रॅक्टर सुरू करत होतं आणि तो सुरू होत नव्हता. तो आवाज आम्ही दोघी ऐकत बसलो. मग त्या दवाखान्याच्या दिवसापासून जे विचारायचं होतं ते मी विचारलं.

"आक्का, छातीत जळतंय हे त्यांनी मला का नाही सांगितलं?"

आक्कांना उत्तर शोधावं लागलं नाही. बहुतेक त्यांनी ते स्वतःला शंभरदा सांगून झालं असावं.

"तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिशी उचलून दवाखान्यात नेलं असतं. त्याला ठावं होतं. म्हणून सांगितलं न्हाई." मग त्यांचा आवाज फुटला. "मला सांगितलं, कारण मी फक्त ऐकून घ्यायचे. आन् मी ऐकूनच घेतलं, बाई. नेलं न्हाई."

तेव्हा त्या रडल्या. गोळ्या सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. आणि त्यांच्याशेजारी फरशीवर बसून मी रडले. जोरात, घाणेरडं, नाक पुसत. कुणी बघायला नव्हतं ते बरं झालं. त्यांनी माझं डोकं ओढून मांडीवर घेतलं. त्यांच्या लुगड्याला खिरीतल्या वेलदोड्याचा वास येत होता. तो त्यांना का सांगायचा आणि मला का नाही, हे मला कळलं. कळल्यानं माझा हेवा गेला असं मात्र झालं नाही. उलट थोडा वाढलाच. उचलून दवाखान्यात न नेणारं, नुसतं ऐकून घेणारं माणूस त्याला होतं. मला अजून कुणी नव्हतं.

मे महिन्यात चाचणीतल्या आक्कांच्या गोळ्या संपल्या. शेवटच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी पुन्हा तेच प्रश्न विचारले. भाऊ गेला हे खरं वाटतं का? "वाटतं," आक्का म्हणाल्या, "रोज नव्यानं वाटतं, पण वाटतं." दोष देता का स्वतःला? त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "देते. पण आता हिला ठावं हाय." डॉक्टरबाईंना ते उत्तर कुठल्या रकान्यात घालावं कळलं नसावं. त्यांचं पेन कागदावर तसंच राहिलं.

खरी गोळी होती की खोटी, ते सगळ्यांची चाचणी संपल्यावरच कळणार, असं त्यांनी सांगितलं. आक्का म्हणाल्या, "मला नका सांगू. मला काय करायचंय?" मी म्हटलं, मला कळवा. मला जाणून घ्यायचं होतं आणि अजूनही घ्यायचं आहे. औषध होतं असं निघालं तर मला सोपं जाईल. बरं होणं त्यांना बाहेरून मिळालं, मला मिळालं नाही, एवढंच. पण काहीच नसलेली गोळी निघाली, तर त्या स्वतःच्या पायानं बाहेर आल्या असं होईल, आणि ते मला जास्त लागेल.

दाजी न्यायला आले. मी जालन्याच्या स्टँडपर्यंत सोडायला गेले. घरी परतल्यावर पहिल्यांदा सगळं घर माझं होतं. फोटो माझा, कपाट माझं, तोही माझा. दोन वर्षं मला हेच हवं होतं. मी चहा केला आणि त्याच्याबद्दल कुणाशीतरी बोलावंसं वाटलं, तर बोलायला एकच माणूस होतं आणि ते त्या वेळी अंबडच्या रस्त्यावर बसमध्ये होतं.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी मी संभाजीनगरला एकटी गेले. डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे केली. मी गोळी मागितली नाही. तासभर मी बोलत होते आणि त्या ऐकून घेत होत्या. कुठं न्यायचं, काय करायचं, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. त्यानंतर मी महिन्यातून एकदा जाते. शाळेत मी सांगते की, दातांचं काम चालू आहे.

यंदाच्या दिवाळीत मुलगी आली आणि आम्ही दोघी आक्कांच्या गावी गेलो. आजूबाजूला ऊस उभा होता, तोडणीच्या टोळ्या यायला लागल्या होत्या. भाऊबीजेच्या संध्याकाळी आक्कांनी अंगणात पाट मांडला, निरांजन लावलं आणि चंद्राला ओवाळलं. भाऊ नसलेल्या बहिणी तसं करतात, हे मला ठाऊक होतं, पण कधी पाहिलं नव्हतं. चंद्र बारीक होता, उसाच्या शेंड्यांवर नुकता दिसत होता. आक्कांनी त्याला कुंकू दाखवलं, अक्षता उडवल्या आणि नमस्कार केला. डोळे ओले होते. मुलीनं मोबाइलवर फोटो काढला.

मी ओट्यावर बसून बघत होते. बहिणीला भावासाठी एवढा एक दिवस ठेवलेला आहे, मेल्यावरसुद्धा. नवरा मेलेल्या बाईला असा कुठला दिवस आहे? पाडव्याला मी दार लोटून झोपले होते.

आक्का ताट घेऊन ओट्यावर आल्या आणि माझ्याशेजारी टेकल्या.

"आक्का," मी म्हटलं, "आत्ता तुमचा फार हेवा वाटला मला."

"वाटू दे," त्या म्हणाल्या. ताटातली एक करंजी उचलून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "सारण थोडं जास्त गोड झालंय. खाऊन सांग."

मी खाल्ली. जास्त गोड झालं होतं. मी तसं सांगितलं.